‘हरवलेले रहस्य’ नावाची सोयीस्कर कथा : जुन्या बांधकाम-विनिर्देशांच्या ग्रंथांविषयी एक धागा

१/
जुन्या गडाचे, वाड्याचे किंवा पुलाचे छायाचित्र टाकावे आणि खाली लिहावे, ‘हे कसे बांधले याचे रहस्य काळाच्या उदरात गडप झाले’, अशी एक चाल आपल्याकडे रूढ झाली आहे. वाचणारा भारावतो, पुढे पाठवतो आणि विषय तिथेच संपतो. या धाग्यातले माझे म्हणणे थोडक्यात असे : चुन्या-दगडाचे बांधकाम कसे करावे हे सांगणारे ग्रंथ लिहिले गेले, छापले गेले आणि त्यांतले पुष्कळसे आज घरबसल्या विनामूल्य वाचता येतात. ते न उघडता ‘रहस्य’ म्हणणे हा आळस आहे, आणि या आळसाची किंमत आपल्या वास्तू मोजीत आहेत.

२/
गूळ, उडदाची डाळ, बेलफळ, अंड्याचा पांढरा बलक, शिसे : ही यादी आपण सर्वांनी ऐकली आहे. पण ती सांगणारा प्रमाण कधीच सांगत नाही. किती चुन्याला किती गूळ? चुना विरवताना की मळताना? भिंतीच्या दरजांत की गच्चीच्या कोब्यावर? प्रमाण, क्रम आणि जागा यांवाचून पदार्थांची यादी म्हणजे वाण्याची चिठ्ठी. तिच्यावरून स्वयंपाक होत नाही. ज्या लेखनात या तिन्ही गोष्टी नेमकेपणाने नोंदलेल्या असतात, त्याला बांधकामाचा विनिर्देश म्हणतात. बोलीभाषेत ‘स्पेसिफिकेशन’.

३/
कोणत्याही मोठ्या कामाची तीन कागदपत्रे असतात. नकाशा आकार सांगतो. अंदाजपत्रक पैसा सांगते. विनिर्देश मात्र काम कसे व्हावे हे सांगतो : दगड कोणत्या खाणीचा, वाळू किती धुतलेली, चुना किती दिवसांचा, थर केवढ्या उंचीचा, भिंत किती दिवस ओली ठेवायची, आणि यात कसूर झाली तर काम कोणाच्या खर्चाने पाडायचे. नकाशे देखणे असतात, म्हणून ते संग्रहालयांत टांगले जातात. विनिर्देश रूक्ष असतो, म्हणून तो रद्दीत जातो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तिन्हींत अधिक बोलका कागद तोच.

४/
ही परंपरा जुनी आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला रोमन स्थपती व्हिट्रुव्हियस आपल्या दुसऱ्या प्रकरणग्रंथात चुन्याचे प्रमाण स्पष्ट देतो. खाणीतली वाळू असेल तर तीन भाग वाळूस एक भाग चुना. नदीची किंवा समुद्राची असेल तर दोनास एक, आणि त्यात तिसरा हिस्सा भाजलेल्या मातीच्या खापऱ्यांची चाळलेली पूड घातल्यास अधिक चांगले. ही खापऱ्यांची पूड म्हणजे आपली सुरखीच. दोन हजार वर्षांपूर्वी जे लिहून ठेवले गेले, त्याला आज आपण कुजबुजत्या आवाजात ‘गुप्त विद्या’ म्हणतो.

५/
विनिर्देश कसा लिहावा हे शिकवणारे स्वतंत्र ग्रंथ मात्र एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात जन्मले. त्याचे कारण व्यवहारात आहे. तोवर गवंडी, सुतार, लोहार यांच्याशी वेगवेगळे ठराव होत आणि काम झाल्यावर मोजमाप करून पैसे दिले जात. पुढे सगळे काम एकाच कंत्राटदाराला आधी ठरवलेल्या रकमेत देण्याची पद्धत आली. निविदांची चढाओढ सुरू झाली. रक्कम आधी ठरली की कंत्राटदाराचा नफा उरतो तो मालात आणि मजुरीत काटकसर करूनच. मग त्याला बांधून ठेवणार कशाने? शब्दांनी. विनिर्देशाचे कलम ही अविश्वासातून जन्मलेली गद्यशैली आहे.

६/
१८४० साली लंडनमध्ये आल्फ्रेड बार्थोलोम्यू या स्थपतीचा ‘स्पेसिफिकेशन्स फॉर प्रॅक्टिकल आर्किटेक्चर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षकच पुढे सांगते की आरंभी एक दीर्घ निबंध जोडला आहे, आणि त्या निबंधाचा विषय आहे आधुनिक इंग्लिश इमारतींच्या रचनेतली व शास्त्रातली घसरण. म्हणजे ‘हल्लीची बांधकामे पूर्वीसारखी राहिली नाहीत’ ही आपली तक्रार दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी त्यानेही केली होती. फरक एवढाच की तो तक्रारीवर थांबला नाही. पूर्वीसारखे काम हवे असेल तर कंत्राटात नेमके काय लिहावे, हे त्याने कलमवार लिहून दिले.

७/
१८५९ साली टॉमस लेव्हर्टन डोनाल्डसनचा दोन खंडांतला ‘हँडबुक ऑफ स्पेसिफिकेशन्स’ आला. डोनाल्डसन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातला वास्तुकलेचा पहिला प्राध्यापक आणि ब्रिटिश स्थपतींच्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. त्याने केवळ नमुने रचले नाहीत. प्रत्यक्ष उभ्या राहिलेल्या इमारतींचे विनिर्देश गोळा करून छापले आणि सोबत कंत्राटाच्या कायद्याचा आढावा जोडला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून मोठी मेजवानी कोणती? ज्या इमारतीचे छायाचित्र आपण पाहतो, तिची कलमे शेजारी ठेवून वाचता येतात.

८/
हिंदुस्थानात हा प्रवाह सरकारी खात्यातून आला. डलहौसीच्या कारकिर्दीत, १८५४ च्या सुमारास, जुन्या लष्करी मंडळाच्या जागी सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. त्याच वर्षी गंगेचा कालवा सुरू झाला. रुरकीचे अभियांत्रिकी विद्यालय १८४७ पासून चालत होते. त्याला पुढे टॉमसन महाविद्यालय हे नाव मिळाले. कालव्याचा निर्माता प्रॉबी कॉटली याचा तीन खंडांतला अहवाल १८६० साली निघाला, आणि त्याच दशकात रुरकीहून मेडलीने संपादित केलेले अभियांत्रिकीचे ग्रंथ व निबंधमालिका निघू लागल्या. विटा, चुना, सुरखी, कंकर, मजुरी, मोजमाप : हे सारे त्यांत सापडते.

९/
आपल्याकडेही हेच घडत होते. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. आजच्या पुण्याच्या प्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळ तेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्याने स्वतःची हस्तपुस्तिका काढली. विनिर्देश, दर आणि कामाच्या सूचना एकत्र बांधलेले हे पुस्तक ओव्हरसियरच्या हाताशी असे. ज्या कचेऱ्या, पूल, बंगले आणि धर्मशाळा आपण ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून दाखवतो, त्यांच्यामागची भाषा ही आहे. पण गडांची सहल करणाऱ्या शंभरांत एकाने तरी ती वाचली असेल का?

१०/
आता त्या प्रसिद्ध गुळाकडे वळू. हिंदुस्थानात चुन्याच्या पाण्यात गूळ मिसळतात, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी अभियांत्रिकी लेखनात उघडपणे नोंदलेली आहे. मद्रासेकडच्या गुळगुळीत चुन्याच्या गिलाव्याची वर्णनेही आहेत. एवढेच नव्हे, स्वतंत्र भारताच्या केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांतही चुन्याच्या कोब्याच्या गच्चीसाठी गूळ आणि बेलफळ यांचे पाणी वापरण्याची बाब आहे. म्हणजे ज्याला आपण हरवलेले रहस्य म्हणतो, तो सरकारी कामाच्या यादीतला एक आयटम आहे. त्यात जादू नाही, आणि तो हरवलेलाही नाही.

११/
आणि गूळ हा चुन्याच्या कामातला सर्वांत किरकोळ भाग. खरे काम आधीचे आहे. चुनखडी निवडून भट्टीत भाजायची. जास्त भाजली तर खडा मरतो, कमी भाजली तर आत कच्चा राहतो. कळीचा चुना पाण्याने विरवायचा, चाळायचा, वाळू किंवा सुरखी घालून बैलाच्या घाणीत मळायचा आणि वेळेत वापरायचा. दगड आधी भिजवायचा, नाहीतर तो चुन्यातले पाणी शोषून घेतो. बांधून झाल्यावर भिंत कित्येक दिवस ओली ठेवायची. जुने विनिर्देश यांतल्या प्रत्येक पायरीसाठी कलम लिहितात, कारण प्रत्येक पायरीवर लबाडी करता येते.

१२/
यातच ‘रहस्य’ या शब्दाचा खरा अन्याय आहे. ही विद्या कोणाच्या हातात होती? भट्टी लावणाऱ्या लोणाऱ्यांच्या, दगड फोडणाऱ्या वडार-बेलदारांच्या, तो घडवणाऱ्या पाथरवटांच्या, थर लावणाऱ्या गवंड्यांच्या. जिल्हा गॅझेटियरांत चुना भाजणाऱ्या लोणाऱ्यांची नोंद आहे. पिढ्यानुपिढ्या हातांनी केलेल्या या कामाला ‘गूढ’ म्हटले की ते करणाऱ्यांची नावे आपोआप पुसली जातात. उरतो तो राजा, उरते ते दैवी तंत्र. मजुराच्या कौशल्याला चमत्कार म्हणणे हा त्याचा गौरव मानू नका. त्याची मजुरी न मोजण्याची ती एक सभ्य रीत आहे.

१३/
शनिवारवाड्याचेच पाहा. १७३० साली पायाभरणी, १७३२ साली वास्तुशांत आणि खर्च १६,११० रुपये : हा आकडा प्रत्येक मार्गदर्शक पाठ म्हणून दाखवतो. पण त्यातला चुना कितीचा, लाकूड कितीचे, गवंड्याचा रोज काय, असे विचारणारा विरळा. मोडी कागदांतले जमाखर्च याच प्रश्नांसाठी आहेत; पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांवर रुमाल बांधलेले आहेत. आकडा पाठ करणे म्हणजे इतिहास जाणणे नव्हे. आकड्याचे पोट फाडून पाहिले की इतिहास सुरू होतो.

१४/
इथे पहिला आक्षेप येईल : ‘इंग्रजांच्या पुस्तकांवरून मराठ्यांचे गड कसे कळणार?’ आक्षेप निम्मा बरोबर आहे. १८७० च्या हस्तपुस्तिकेवरून १६७० च्या तटाविषयी निकाल देता येत नाही, आणि तसा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण भट्टी तीच होती, चुनखडी तीच होती, दगड तोच होता, आणि हात बहुधा त्याच समाजांचे होते. परक्या अधिकाऱ्याने या हातांकडून शिकून, त्यात आपले प्रयोग मिसळून, सगळे आपल्या नावावर छापले. म्हणून ही पुस्तके सावधपणे वाचावीत. मात्र न वाचता ‘परकी’ म्हणून झटकली, तर त्यांत अडकलेले आपलेच ज्ञान आपण झटकतो.

१५/
शिवाय आपल्या परंपरेतही लिखित निर्देश आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तले दुर्गप्रकरण वाचा. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, एकाच झऱ्यावर विसंबू नये, टाकी बांधून साठा करावा, गडाशेजारी त्याच्यावर मारा करता येईल असा डोंगर सोडू नये, एकच दरवाजा ठेवू नये : ही विनिर्देशाचीच दृष्टी आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वज्रलेपाचे घटक देऊन काढा आठव्या हिश्शापर्यंत आटवायला सांगितला आहे. आणि अभियंता असलेल्या कृष्णाजी विनायक वझे यांनी प्राचीन शिल्पशास्त्राच्या ग्रंथांचे सार मराठीत आणण्यात आयुष्य वेचले. त्यांचे नाव आज किती इतिहासप्रेमींना ठाऊक आहे?

१६/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ‘विनिर्देशात लिहिले ते प्रत्यक्षात झालेच असेल कशावरून?’ झालेच असेल असे नाही. विनिर्देश हा हुकूम आहे, साक्ष नव्हे. आणि ती साक्ष देणारा एक थोर माणूस आपल्याकडे आहे. महात्मा जोतीराव फुले पुण्याच्या परिसरातल्या सरकारी कामांचे कंत्राटदार होते. कागद आणि काम यांतले अंतर त्यांनी आतून पाहिले, आणि इंजिनियर खात्यातल्या कामगारांच्या लबाडीवर आपल्या लेखनातून झोड उठवली. फुल्यांचे ते लेखन एका हातात आणि खात्याची हस्तपुस्तिका दुसऱ्या हातात घेऊन वाचा. एकोणिसाव्या शतकातले पुणे त्या दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत सापडेल.

१७/
तर मग हे ग्रंथ मिळवायचे कुठे? पहिले ठिकाण ‘इंटरनेट अर्काइव्ह’. बार्थोलोम्यू, डोनाल्डसन, रुरकीचे ग्रंथ शोधायला आरंभ तिथून करावा. वास्तुजतनासाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने तिथेच ‘बिल्डिंग टेक्नॉलॉजी हेरिटेज लायब्ररी’ हा विभाग उभारला आहे. त्यात मुख्यतः अमेरिका-कॅनडातली, १९६४ पूर्वीची बांधकाम-पुस्तके आणि मालाच्या सूची हजारोंनी आहेत. आपल्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ची लाखो पुस्तकेही तिथे उतरवून ठेवलेली आहेत. दुसरे ठिकाण ‘गूगल बुक्स’, तिसरे ‘हाथीट्रस्ट’. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे डिजिटल संग्रहही पाहावेत.

१८/
ग्रंथ सापडत नाही, याचे कारण बहुधा तो नसतो हे नाही. आपण हाक चुकीच्या नावाने मारतो. ‘स्पेसिफिकेशन’ हा शब्द शीर्षकात असेलच असे नाही. ‘हँडबुक’, ‘मॅन्युअल’, ‘ट्रीटाइज’, ‘पॉकेटबुक’, ‘एस्टिमेट’, ‘शेड्यूल ऑफ रेट्स’, ‘बिल्डर्स गाइड’ हे शब्द लावून पाहा. लेखकाऐवजी खात्याचे नाव द्या. गावांची जुनी इंग्रजी रूपे वापरा : पूना, बॉम्बे, टाना. चुन्याला ‘चुनाम’ म्हणून शोधा. कंकर आणि सुरखी यांची इंग्रजी वर्णलेखने कधी ‘ए’ने, कधी ‘यू’ने, कधी दोन ‘ओ’ंनी झाली आहेत, ती सगळी आलटून पालटून द्या.

१९/
आणखी दोन खाचखळगे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईत लांब ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखे दिसते; यंत्र ते चुकीचे वाचते आणि शोध फसतो. ‘डिजिटल लायब्ररी’तून आलेल्या पुस्तकांची शीर्षके तर कित्येकदा अर्धवट किंवा अशुद्ध नोंदलेली असतात, म्हणून एका ओळखीच्या शब्दावर, सालावर किंवा प्रकाशनस्थळावर शोध घ्यावा. आणि दुमडलेले मोठे नकाशे पुष्कळदा न उलगडताच स्कॅन केलेले असतात. एक प्रत अपुरी दिसली तर दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत शोधावी. हे कंटाळवाणे काम आहे. इतिहास बहुतांशी असाच असतो.

२०/
आता एका उघड अन्यायाविषयी. ‘हाथीट्रस्ट’चा भांडार अमेरिकन विद्यापीठांचा. तिथल्या नियमाने अमेरिकेबाहेर छापलेले पुस्तक अमेरिकेबाहेरच्या वाचकाला उघडायचे, तर ते साधारण १४० वर्षांहून जुने असावे लागते. परिणाम असा की १८९५ साली मुंबईत छापलेला सरकारी ग्रंथ मिशिगनमधल्या विद्यार्थ्याला दिसतो आणि मुंबईतल्या विद्यार्थ्याला कुलूप दिसते. भारतीय कायद्याने सरकारी प्रकाशनाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे ज्या देशात तो ग्रंथ छापला, ज्या देशाच्या मजुरांवर तो लिहिला आणि जिथे तो कायद्याने मुक्त आहे, तिथेच तो बंद.

२१/
पण त्यांना बोल लावताना आपले घर आधी पाहू. परक्या संस्थेचे कुलूप आपल्याला टोचते, कारण आपल्या कपाटातली प्रत आपण स्वतः उघडलेली नसते. जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या, जिल्हा कचेऱ्यांच्या, नगरवाचनालयांच्या ग्रंथसंग्रहांत अशी पुस्तके असणे स्वाभाविक आहे. नवी आवृत्ती आली की जुनी ‘कालबाह्य’ ठरवून काढून टाकणे हाही कार्यालयीन स्वभावच. तंत्राच्या दृष्टीने कालबाह्य झालेली आवृत्ती इतिहासाच्या दृष्टीने तेव्हाच जन्माला येते, हे त्या शिक्का मारणाऱ्याला सांगणार कोण? पोवाड्यांची बाडे आणि नाणी शोधत फिरणाऱ्या तरुणांनीच ते सांगायला हवे.

२२/
ग्रंथ हाती आला की तो कसा वाचावा? आधी साल आणि आवृत्ती पाहा. तीच बाब दोन आवृत्त्यांत बदलली असेल तर त्यामागे एखादे फसलेले काम किंवा नवा माल असतो. मग मनाई करणारी कलमे वाचा. ‘खारी वाळू चालणार नाही’ असे लिहिले असेल, तर कोणीतरी ती वापरत होते असे समजावे. नंतर दर वाचा. कुशल आणि अकुशल, पुरुष आणि स्त्री, यांच्या रोजातला फरक समाज सांगतो. शेवटी मोजमापाचा नियम वाचा, कारण पैसे कशाचे मिळायचे हे तोच ठरवतो. राजकीय बखर जे लपवते, ते दरपत्रक अजाणता बोलून जाते.

२३/
एवढा आटापिटा कशासाठी? कारण हा केवळ वाचनाचा शौक नाही. जोसेफ ऍस्पडिनने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढच्या शतकात त्याने चुन्याला कामांवरून हुसकावले. नव्या बांधकामात ते ठीक. पण चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या की भिंतीचा श्वास कोंडतो. आत शिरलेले पावसाचे पाणी दरजेतून बाहेर पडत नाही. ते दगडातून वाट काढते, क्षार साचवते, आतला चुना पोकळ करते. कोकणातल्या मऊ जांभ्याला याचा फटका अधिक. बाहेरून काळी रेघ ठसठशीत दिसते आणि दुरुस्ती ‘मजबूत’ झाली म्हणून फलक लागतो.

२४/
हे न कळण्याचे कारण ज्ञानाचा अभाव नाही. पुरातत्त्व खात्याचे सरसंचालक जॉन मार्शल यांची जतनपुस्तिका १९२३ सालीच कलकत्त्याहून निघाली होती, आणि जुन्या वास्तूंची दुरुस्ती कोणत्या संयमाने करावी हे तिने सांगितले. बांधकामाच्या चुन्याचे भारतीय मानक, आय. एस. ७१२, १९५० च्या दशकापासून आहे. कागद आहेत, कलमे आहेत. नाही तो कलमे वाचून प्रश्न विचारणारा नागरिक. ‘रहस्य’ मानणारा समाज प्रश्न विचारू शकत नाही. जे कोणालाच ठाऊक नाही ते चुकले असे म्हणणार तरी कशाच्या आधाराने?

२५/
आणि आता वेळ थोडा आहे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. आपण फटाके वाजवले, ते योग्यच. पण वारशाच्या मागून दुरुस्तीची कामे येतात आणि कामांच्या मागून निविदा. प्रत्येक निविदेला विनिर्देश जोडलेला असतो. गडावर भगवा फडकावणारे हात हजारो आहेत. त्या निविदेतले चुन्याचे कलम वाचणारे डोळे किती आहेत, यावर त्या तटाचे पुढचे शतक अवलंबून आहे.

२६/
कायदाही आपल्या बाजूला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार नागरिकाला सरकारी कामाचे अभिलेख तर मागता येतातच. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही त्या अधिनियमाच्या व्याख्येतच लिहिलेला आहे. पण नमुना हातात घेऊन करणार काय, जर त्यात काय असायला हवे होते हेच ठाऊक नसेल? बार्थोलोम्यूपासून मुंबई इलाख्याच्या हस्तपुस्तिकेपर्यंतची ही परंपरा वाचण्याचा उपयोग इथे आहे. जुनी कलमे वाचून तयार झालेली नजर नव्या कलमातली पळवाट ओळखते.

२७/
म्हणून या धाग्याच्या वाचकांना एक काम सांगतो. आपल्या गावातली १९०० पूर्वीची एक सार्वजनिक इमारत निवडा : पूल, कचेरी, धर्मशाळा, शाळा, काहीही. तिच्या काळची एक हस्तपुस्तिका शोधून तिच्यातले फक्त दोन विषय वाचा, चुना आणि दगडी बांधकाम. मग ते कागद घेऊन त्या भिंतीसमोर उभे राहा. थरांची उंची मोजा, दरजा पाहा, भिंतीच्या आरपार जाणारे दगड मोजा, नंतरच्या दुरुस्तीत सिमेंट कुठे फासले ते टिपा. कलमाशी काय जुळते आणि काय जुळत नाही ते सालासह लिहा आणि पुढे पाठवायचेच असेल तर ते पाठवा. अशा शंभर नोंदी जमल्या, तर ‘हे कसे बांधले असेल’ या प्रश्नाला आपल्याकडे उत्तरांचा एक जिल्हावार संग्रह होईल, आणि दुरुस्तीच्या नावाखाली चुकीचा माल ओतणाऱ्याला तोंड द्यायला पुरावाही.